खांदा हलला की बटण

अर्धांगवायूनंतर बायकोचा आवाज कुजबुजण्याएवढाच उरला होता. दिवसा घरी तिच्याजवळ मी एकटा, आणि मी बहिरा. गेल्या आठवड्यात ती पलंगावरून खाली पडली. हाका मारून दमली, आणि मी दोन हात अंतरावर पाठमोरा बसून पेपर वाचत होतो. त्या संध्याकाळी मुलीनं स्पष्ट सांगितलं, सोमवारपर्यंत तुम्हाला नीट ऐकू आलं नाही तर आईला शुश्रूषा केंद्रात ठेवणार. तिचं चुकलं नव्हतं.

कान तपासणाऱ्या बाईंनी टेबलावर ऐकू येण्याची मशीनं मांडली. खिशात ठेवायचं वायरचं, ताकदवान, पण कपड्यांची खरखरही ऐकवणारं. कानामागं अडकवायचं, बहिरेपणा जास्त असेल तर. आणि हरभऱ्याएवढं, कानात लपणारं, ज्यांचं थोडंच गेलंय त्यांच्यासाठी. दिसायला कुठलं बरं ते बघू नका, तपासणीत काय निघतं ते बघू, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. मग मला काचेच्या खोलीत बसवलं. शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं.

आता खरं सांगतो. प्रेसखान्यात मी एकोणतीस वर्षं मशीनच्या दणदणाटात लोखंडी पत्रे दाबले. दरवर्षी कंपनी कान तपासायची, आणि ज्याचा कान गेला त्याला निम्म्या पगारावर गेटवर झाडू मारायला लावायची. म्हणून जुने लोक नव्यांना मशीन शिकवायच्या आधी हे शिकवायचे: शिट्टी सोडताना तपासणाऱ्याचा खांदा हलतो, तो हलला की बटण दाब. साहेबांना सगळं ठाऊक होतं. कागदावर आमचे कान शाबूत, त्यांची खुर्ची शाबूत. हरामखोरी दोन्हीकडून झाली, कान मात्र आमचेच गेले.

काचेपलीकडं बाईंचा खांदा हलला. माझा अंगठा आपोआप खाली गेला. दर वेळी.

मुलगी माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, "बाबा, तुमचे कान तर जवळजवळ शाबूत निघाले. इतकी वर्षं आम्हाला टाळत होतात की काय?"

मी हसलो. पास झाल्याचा आनंद झाला, लाज वाटत नाही सांगायला. कागदावर थोडंच गेलेलं निघालं, म्हणून हरभऱ्याएवढं मशीन घेऊन घरी आलो. तीन दिवस बायकोचे ओठ हलत राहिले आणि आवाज काही आला नाही. रविवारी मी मुलीला खरं काय ते सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला.

सोमवारी पुन्हा त्याच खोलीत मी काचेकडं पाठ करून बसलो. अंगठा बटणावर नुसता पडून राहिला. बराच वेळ गेला तरी मी शिट्टीची वाट बघत होतो. बाईंनी आत येऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं, तपासणी कधीच संपली होती. त्यांनी लिहिलं, कानामागचं सगळ्यात ताकदवान मशीन देते. आवाज पोचेल, शब्द कळतील असं नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी यायला हवं होतं.

ते लावून घरी आलो. बायको बोलली आणि मला ऐकू आलं. ऐकू आलं म्हणजे पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं. मी पाणी आणलं. तिनं मान हलवली. उशी सरळ केली, पंखा बंद केला, चादर पायांवर ओढली. ती पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती आणि मी तिच्या तोंडाशी वाकून नुसती मान डोलावत होतो.

मुलगी दारात उभी राहून बघत होती. पुढं आली आणि माझ्या कानाशी ओरडली, "आई म्हणतेय, मला घरातून घालवू नका."

मग ती आईची बॅग भरायला आत गेली.