नमुन्याची किल्ली

मी कुलूप बोलतंय. लोखंडाचं नव्हे. वेबसाईटवर लिहिलेलं परक्याला वाचता येऊ नये म्हणून अक्षरं पार विस्कटून टाकणारा मी एक प्रोग्रॅम.

शहापुरातल्या विणकराच्या घरची सुवर्णा, तिनं मला घडवलं नि कुणीही वापरावं म्हणून फुकट ठेवलं. माझं गणित तिनं तीन-तीनदा तपासलं. माहितीच्या पानावर, विस्कटलेली अक्षरं पुन्हा जुळवणाऱ्या सांकेतिक शब्दाची, म्हणजे किल्लीची, एक नमुन्याची किल्ली दिली आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं, 'ही बदला.'

खानापूरच्या ओमकारनं मला एका वेबसाईटवर बसवलं. बायकांनी मनातलं दुखणं डॉक्टरीणबाईंना लिहून कळवायची ती जागा. बेळगुंदीच्या जयवंता नावाच्या बाईनं तिथं नवऱ्याच्या मारहाणीचं लिहिलं. आईलाही न सांगितलेलं.

एका सकाळी ते पत्र गावातल्या मोबाईलांवर फिरत होतं!

कुणीतरी पत्रांचा साठा चोरला होता खरा. पण चोरला तरी वाचता येऊ नये, त्यासाठीच तर मी! आणि मी कुठं फुटलंही नव्हतं.

ओमकार लॅपटॉप घेऊन सुवर्णाकडे धावत आला. "आक्का, तुमचंच कुलूप लावलंतं. पानावर हुतं तसंच्या तसं!"

सुवर्णानं त्याची किल्ली बघितली. नमुन्याचीच. कुणालाही त्या पानावर वाचता येणारी.

"माझंच चुकलं," ओमकार रडकुंडीला आला.

"थांब रं." तिनं मला वापरणाऱ्या अकरा जणांना फोन लावले. सात जणांकडे तीच किल्ली. ती म्हणाली, "सात माणसं एकाच खड्ड्यात पडली, म्हंजे खड्डा मी खणलाय."

तिनं मला पुन्हा घडवलं. आता किल्ली माझी मीच तयार करतं. ती जुनी नमुन्याची कुणी घातली तर मी सुरूच होत नाही, का ते साध्या शब्दांत सांगतं. ओमकारला समोर बसवून मला पुन्हा लावायला सांगितलं; स्वतः तोंड मिटून, तो कुठं अडखळतोय ते ती बघत राहिली.

मग ती गुंजीला गेली. जयवंता तिथं माहेरी आली होती. सुवर्णानं हात जोडले, सगळं सांगितलं.

"कुलूप नीट झालं, बरं झालं," जयवंता म्हणाली. "पर लोकांनी वाचलेलं आता कसं पुसायचं वो?"

 

कुलपं घडवणाऱ्यांनो, लावणारा घाईत असतो, तुमचं पान तो अर्धंच वाचतो. त्याला हसू नका. त्याच्या घाईतही आतल्या बाईचं पत्र बंद राहील, असं आम्हाला घडवा.