आस्टाची पोर

रात्रपाळी संपवून घरी आले, तर ऊवे गाडी सुरू करूनच बसलेला. म्हटलं, अरे निदान चहा तरी पिऊ दे. म्हणाला, थर्मासमध्ये भरलाय. चहा थर्मासमध्ये, इल्का कुत्री मागच्या पिंजऱ्यात, आणि माझे पाय अजून ऑपरेशन थिएटरच्या घट्ट मोज्यांत. कपाळ माझं. बसले.

ऊवे म्हणजे माझा नवरा. ब्राउनश्वाइग या जर्मन शहरापासून जरा लांब, जंगलाला लागून आमचं घर आहे. रानडुकरांच्या शिकारीसाठी कुत्री तयार करणं हे त्याचं वेड. विकत घेणं नाही, तयार करणं. ब्राके जातीच्या कुत्र्याचं नाक आणि आवाज, टेरियरचा माज, वर कुठूनतरी आणलेली भक्कम हाडं. फोडणीला मोहरी किती घालायची हे या माणसाला अजून कळलेलं नाही, पण कुत्र्यांची मिसळ विचारा, जेवण विसरून बोलेल.

खरं तर या कुत्र्यांचं काम सोपं. डुक्कर शोधायचं, लांब उभं राहून भुंकत राहायचं, शिकारी येईपर्यंत. भित्रं कुत्रं जवळच जात नाही. फार तिखट असलं तर कान धरायला धावतं, आणि डुकराचा सुळा त्याचं पोट फाडतो. ऊवेला दर वेळी 'अजून थोडं तिखट' हवं असायचं. मग दर थंडीत एखादं कुत्रं मागच्या सीटवर, आणि डॉक्टरकडे पोचेपर्यंत जखमेवर हात दाबून मी. माझा संसार म्हणजे भीक नको पण कुत्रं आवर.

आस्टा या सगळ्यांतली म्हातारी. मागच्या बाळंतपणात तिचं पोट उघडावं लागलं. डॉक्टरीणबाईंची मदतनीस आजारी होती, म्हणून मीच हातमोजे घालून उभी राहिले. पिल्लं एकेक करून गेली, एक इल्का तेवढी जगली. डॉक्टरीणबाई हात धुताना म्हणाल्या, पुन्हा नको हं, ही नाही वाचणार. ऊवेने मान हलवली. "या, या," म्हणाला, म्हणजे हो, हो.

आणि वर्षाच्या आत म्हणतो, "इल्का चालली तर ठीक. नाहीतर आस्टाची आणखी एकच खेप. झाक्सनमधल्या त्या कुत्र्याबरोबर. त्याचा जबडा बघितलास का?"

मी भांडले. रडलेसुद्धा. मी सहसा रडत नाही, ऑपरेशन थिएटरची नर्स, रोज दुसऱ्यांची पोटं उघडलेली बघते. तो ऐकूनच घेईना. लेकीला, कुहूला, ती राहते त्या उंटरश्लाइसहाइमला फोन केला. मी मराठीत सांगत होते, ती नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये उत्तरं देत होती. "सरळ नाही म्हण ना," म्हणाली. हिला काय जातंय सांगायला.

तर इल्का चालते की नाही हे आज ठरणार होतं. जंगलातच मोठं कुंपण घालून आत रानडुकरं ठेवलेली असतात, कुत्र्यांना सरावलेली. तरुण कुत्र्यांना तिथे आत सोडून बघतात. तिथल्या मुख्य बेहरेन्सबाई, रबरी बूट, कमी बोलणं. त्यांनी आधीच बजावलं, "आत फक्त मालक. बाहेरच्यांनी तोंड उघडायचं नाही. बाहेरून कोणी कुत्र्याला हाक मारली तर परीक्षा तिथेच संपली."

मी जाळीला टेकून उभी राहिले. डोळे मिटत होते. मनात एकच: पोरी, लांब उभी राहा आणि भुंक. तुझ्या आईचा जीव आहे त्यात.

इल्का आत गेली, नाक खाली घालून. थोड्या वेळात झुडपांतून भुंकणं आलं. छान, खणखणीत, एका जागेवरून. ऊवेची पाठ ताठ झाली. मी श्वास सोडला. तेवढ्यात डुक्कर वळलं, आणि ही बया धावून गेली. सरळ कानाला. दात रुतवून लटकलीच.

ऊवेने शिट्टी मारली. मग ओरडला, "हिअर, इल्का, हिअर." छे. डुकराने तिला ओढत आणलं ते माझ्या बाजूलाच, जाळीजवळच्या ओंडक्यावर दाबायला लागलं. काठी घेऊन बेहरेन्सबाई पलीकडून पळत येत होत्या, पण त्या लांब होत्या. इल्काचं पांढरं पोट मला दिसत होतं.

आता इथे एक सांगायला हवं. ऊवेच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि तो बरेच आठवडे रेहामध्ये, म्हणजे पुनर्वसन केंद्रात होता, तेव्हा हे पिल्लू माझ्या स्वयंपाकघरात वाढलं. घरात दुसरं कोणी नाही. मग मी तिच्याशीच बोलायचे, दमून आल्यावर येईल त्या भाषेत. चपला पळवल्या की ओरडायचंही त्राण नसायचं.

हाक मारली तर परीक्षा संपणार, म्हणजे आस्टा गेली. नाही मारली तर ही गेली. असं काही तोलून मापून मी केलं नाही. तोंडातून आपोआप निघालं, ओरडून नाही, रोजच्याच दमलेल्या आवाजात.

"सोड गं ते. पुरे झालं. चल जेवायला."

इल्काने कान सोडला. ओंडक्याखालून सरपटत निघाली आणि शेपटी हलवत जाळीपाशी येऊन माझ्याकडे बघत बसली. जेवायला.

बेहरेन्सबाईंनी डुक्कर हाकललं. मग इल्काचं पोट चाचपलं, खरचटलं होतं तेवढंच. "परीक्षा संपली," त्या म्हणाल्या. ऊवे खाली बघत होता. मला वाटलं, झालं, आता आस्टा.

"अशी कुत्री पहिल्याच थंडीत मरतात," बाई पुढे म्हणाल्या. "पण दात रुतलेले असताना शब्दावर सोडणारी मी अजून पाहिली नव्हती. हिला शिकारीला न्या. मात्र या बाई बरोबर असतील तरच."

गाडीत बसल्यावर ऊवेने थर्मास माझ्याकडे दिला. मग म्हणाला, "ते वाक्य मला शिकव."

शिकवलं. त्याने म्हणून बघितलं. मागे इल्काने डोळासुद्धा उघडला नाही.

"आल्झो, बरं तर," तो म्हणाला, "येशील? थंडीभर, शनिवारी?"

शनिवार. पुढच्या वर्षी निवृत्त झाल्यावर मी शनिवारी काय करणार होते माहितेय? झोपणार होते. बाकी काही नाही, नुसती झोपणार होते.

"आणि आस्टा?" मी विचारलं.

"तू आलीस तर आस्टाची गरज नाही."

"गरज असली तरी नाही. तसं म्हण."

त्याने रस्त्यावरची नजर काढली नाही. "गरज असली तरी नाही," म्हणाला.

"येते," मी म्हटलं.

घरी आस्टा हीटरजवळच्या गादीवर पडली होती. मोजे न काढताच मी तिच्याशेजारी बसले, पोटावरच्या जुन्या टाक्यांवरून हात फिरवला आणि म्हटलं, "सुटलीस बाई तू."

तिने मानही वर केली नाही. ती ऊवेने वाढवलेली, तिला मराठी कुठलं कळायला. मग तेच पुन्हा जर्मनमध्ये सांगितलं.