पासष्टाव्या अंकाचं शेवटचं पान

"विभा जित्ती झाली ना बे!"

फुरकाननं दारातूनच आरोळी ठोकली आणि हातातला नवा कोरा अंक देवानंदच्या पुढ्यात आपटला, तोही नेमका खळीच्या भांड्याला चिकटून. देवानंदनं आधी भांडं बाजूला सरकवलं, मग हात फडक्याला पुसले, मग चष्मा शोधला. चौपन्न वर्षांच्या माणसाला कॉमिक हातात घ्यायला जेवढा वेळ लावता येतो, तेवढा त्यानं लावला.

"कोन म्हनते?"

"कोन कायले म्हनन? कव्हरवरच हाय. पाह्य ना."

होतीच. पुढे वज्रपंख, पाठीवर पत्र्याच्या पंखांऐवजी आता निळ्या उजेडाचे पंख. मागे वायरलेसचं यंत्र. आणि यंत्रासमोरच्या खुर्चीत, कानाला हेडफोन लावून, हसतमुख विभा. त्याच खुर्चीत.

देवानंदनं अंक पालथा घातला.

'वज्रपंख' हे दिल्लीहून येणारं हिंदी कॉमिक. देवानंदच्या पंधराव्या वर्षी ते सुरू झालं आणि वऱ्हाडातल्या पोरांनी ते अभ्यासाच्या पुस्तकात घालून वाचलं. वज्रपंख उडायचा, मारामाऱ्या करायचा. पण कुठं उडायचं आणि कुणाला मारायचं, हे त्याला त्याची बहीण विभा सांगायची. ती तळघरात वायरलेसपुढे बसलेली असायची. एकसष्टाव्या अंकात तळघराचं छत कोसळलं आणि विभा मेली. पुढचे चार अंक वज्रपंख नुसता सूड घेत हिंडला. मग सहासष्टाव्या अंकापासून एक गंमत सुरू झाली. प्रत्येक अंकात कुठंतरी एक चौकट यायची: बंद वायरलेस आणि समोर रिकामी खुर्ची. त्यावर कुणी बसायचं नाही. कुणी तिच्याविषयी एक शब्द बोलायचं नाही. गोष्टीला तिचा काही उपयोग नसायचा, पण ती असायची. कॉमिक बंद पडलं, त्या शेवटच्या अंकातही होती. देवानंद नवा अंक हातात आला की आधी ती खुर्ची शोधायचा, मारामारी नंतर.

आता दिल्लीतल्या कुठल्याशा नव्या कंपनीनं वज्रपंख विकत घेतला होता आणि पहिल्याच अंकात खुर्ची भरून टाकली होती.

"पंख बदलले, चालते," देवानंद म्हणाला. "गावाचं शहर केलं, तेही चालते. त्याच्या हातात मोबाइल देला, तो घेऊ दे लेकाले. पन मेलेलं मानूस असं उठून बसते काय? छत पडलं होतं तिच्यावर. मी पाह्यलं ना!"

"तू पाह्यलं म्हन्ते! जसा काही तू मातीले गेल्ता तिच्या," फुरकान हसला. "अबे खुश हो यार. मी तं रडलो होतो विभा मेली तवा."

फुरकानचं जुन्या पुस्तकांचं दुकान ताजनापेठेत, देवानंदच्या बाइंडिंगच्या दुकानापासून तिसरं. दिवसातून दोनदा चहाला तो इकडे यायचा आणि टेबलाशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसायचा. वर्षानुवर्षं त्याच स्टुलावर. आताही तो बसला, अंक सुलटा केला आणि पहिल्या पानावरचं संपादकाचं निवेदन मोठ्यानं वाचू लागला. फुरकानला मोठ्यानं वाचायची हौस आहे. वाढदिवसाच्या पाट्यासुद्धा तो थांबून वाचतो.

"'प्यारे दोस्तो, अंक पैंसठ के आख़िरी पन्ने पर आपके ढेरों ख़त छपे थे, कि विभा को वापस लाओ। देर से सही, हमने आपकी बात सुन ली।' घे! म्हंजे पब्लिकनंच मांगतलं होतं. पासष्ट नंबरात. मले तं असं काही पान आठवत नाही. तुले आठवते?"

देवानंदनं दाभण उचललं, एका थिसिसची पानं नीट केली आणि दाभण पुन्हा ठेवून दिलं.

"देवा? काय झालं बे?"

"काही नाही. तू जाय. तुह्या दुकानात गिऱ्हाईक उभं हाय."

गिऱ्हाईक नव्हतं. पण फुरकान गेला.

फुरकानला ते पान आठवणार नव्हतंच, कारण त्यानं ते पाहिलंच नव्हतं. अकोल्याच्या या गल्लीत ते कुणीच पाहिलं नव्हतं. देवानंदच्या वडिलांच्या याच दुकानात तेव्हा देवानंद भाड्यानं कॉमिक्स द्यायचा. सुटं कॉमिक पोरांच्या हाती आठवडाभर टिकत नसे. म्हणून पाच-पाच अंक एकत्र शिवून त्यांचं एक जाड पुस्तक करायची त्याची रीत. शिलाई मारायची, वर-खाली पुठ्ठा लावायचा, आणि शेवटच्या अंकाच्या मागच्या कव्हराची आतली बाजू खळ लावून सरळ पुठ्ठ्याला डकवायची. पुस्तक कसं पक्कं व्हायचं. त्या आतल्या बाजूला वाचकांची पत्रं असायची, ती दर पाचव्या अंकाला पुठ्ठ्याखाली गडप व्हायची. त्याबद्दल कुणीही कधी कुरकुर केली नाही. पत्रं वाचायला कोण कॉमिक नेतो?

एकटी शालू वाचायची. ती देवानंदची धाकटी बहीण, तेव्हा चौदा वर्षांची. शाळेतून आली की त्याच लोखंडी स्टुलावर बसून ती पानांचे घडी घातलेले फर्मे शिवायची, कीड लागू नये म्हणून मोरचूद घालून खळ शिजवायची, आणि दादानं कव्हरं डकवायच्या आत सगळी पत्रं वाचून घ्यायची. विभा मेली त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं दिल्लीला पत्र लिहिलं आणि पेटीत टाकून आली. काय लिहिलं, ते सांगेना. नवा अंक आला की तिचा एकच प्रश्न.

"माही चिट्ठी आली काय गा दादा?"

बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. तिनं स्वतः पाहिलं, नव्हती.

पासष्टावा अंक आला तेव्हा शालू अमरावतीला दवाखान्यात होती. ताप डोक्यात गेला म्हणाले. आई-वडील तिच्यापाशी, दुकानात एकटा देवानंद. दारात पोरं उभी, दे दे म्हणून जीव खाणारी. त्यानं त्याच दुपारी एकसष्ट ते पासष्ट शिवले, खळ शिजवली, पान डकवलं आणि तेरावं पुस्तक भाड्यानं देऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी तो बसनं अमरावतीला गेला. शालूनं डोळे उघडले. ओठ सुकले होते, तरी तिनं विचारलंच.

"माही चिट्ठी?"

आणि तेव्हा कुठं त्याला आठवलं की आपण ते पान वाचलंच नाही.

"पाह्यलं मी," तो म्हणाला. "नाही आली."

तिनं मान भिंतीकडे वळवली. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत तो स्वतःला बजावत होता की आज ते पान ओलं करून सोडवायचं, पाहायचं आणि उद्या तिला खरं काय ते सांगायचं. घरी आला तेव्हा ध्यानात आलं, पुस्तक तर आपणच भाड्यानं दिलेलं. ते चौथ्या दिवशी परत आलं. शालू तिसऱ्या दिवशीच गेली होती.

त्यानंतर त्यानं तो पुठ्ठा उघडला नाही. पत्र नसेल, तर तो खरंच बोलला होता. पत्र असेल, तर मरणाऱ्या बहिणीच्या तोंडावर तो खोटं बोलला आणि तिचं पत्र त्यानं स्वतःच्या हातानं पुरलं. चौतीस वर्षं हे दोन्ही त्यानं तसंच बंद ठेवलं. लग्न झालं, आई-वडील गेले, केबल आली आणि भाड्याचं कॉमिक संपलं. सव्वीस जाड पुस्तकं मात्र त्यानं फळीवरून हलवली नाहीत. बायको कौशल्या म्हणायची, "मले लग्नात कोनी सांगतलंच नाही का घरात पत्र्याचे पंखवाला एक दीरबी हाय." तो हसायचा. पण कुठलाही अंक उघडला की पहिल्यांदा कानात तोच आवाज यायचा, कोरड्या ओठांचा. भरदुपारी, कटर चालू असताना, गिऱ्हाईक समोर उभं असतानासुद्धा. माही चिट्ठी? भूतबीत तो मानत नाही. पण आवाज यायचा हे खरं आहे, आणि तो त्याला भ्यायचा हेही.

नंतरच्या वर्षांत कुणीतरी जुने अंक मोबाइलवर टाकले. त्यानं पासष्टावा उघडला होता. नुसती गोष्टीची पानं. पत्रांचं पान टाकणाऱ्यानं गाळलं होतं. तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची फार लाज वाटली.

आता मात्र संपादक छापून सांगत होता की त्या पानावर विभाचीच पत्रं होती.

देवानंदनं दुकानाचं अर्धं शटर ओढलं. तेरावं पुस्तक फळीवरून काढलं, मागचा पुठ्ठा टेबलावर सपाट केला आणि ओलं फडकं डकवलेल्या पानावर पसरलं. अर्धा तास थांबायचं असतं. त्यानं आयुष्यात शेकडो जुनी पुस्तकं अशी सोडवली होती, लोकांची. तो घड्याळाकडे पाहत बसला. मग बोथट सुरी कोपऱ्यातून आत सरकवली.

पान सहज सुटत आलं. इतकं सहज, की तो चमकला. शालूच्या खळीनं डकवलेलं पान असं सुटत नसे. फाटायचं, पण सुटायचं नाही. मग त्याला कळलं. त्या दिवशी शालू नव्हती. खळ त्यानं शिजवली होती, घाईत, कच्ची. गुठळ्या राहिल्या होत्या. तेवढ्या गुठळ्यांपाशी कागद फाटला, बाकी सगळं पान हातात आलं.

सहा पत्रं होती. नागपूर, भोपाळ, कानपूर. विभाला परत आणा, परत आणा, परत आणा. सहावं अगदी खाली होतं.

*"संपादकजी, सब लोग लिखेंगे कि विभा दीदी को वापस लाओ। मत लाना। जो गया वो नहीं आता, नकली विभा मुझे नहीं चलेगी। पर उसकी कुर्सी मत हटाना। हर अंक में दिखाना। और उस पर किसी को बैठने मत देना। – शालू, उम्र 14, अकोला।"*

खाली, बारीक तिरक्या अक्षरात, संपादकाचं उत्तर.

*"शालू बहन, कुर्सी ख़ाली रहेगी। वादा।"*

चारच्या चहाला फुरकान आला तेव्हा शटर अर्धंच होतं. वाकून आत शिरत तो नेहमीसारखा स्टुलावर बसला. "बिमार हाय का बे? भरदिवसा शटर काहून ओढलं?"

देवानंदनं ओलं पान त्याच्यापुढे सरकवलं. आणि मग सगळं सांगितलं. स्टुलावर बसून पत्रं वाचणारी शालू, दवाखाना, भिंतीकडे वळलेली मान, चौतीस वर्षं. कुणाला तरी पहिल्यांदाच. सांगताना त्याचा आवाज दोनदा फुटला आणि त्यानं तो लपवला नाही.

"आली होती गड्या चिट्ठी. मी म्हनलं नाही आली. तिच्या एका शब्दावर त्या लोकाइनं सालोसाल रिकामी खुर्ची दाखोली, दर नंबरात. मी दरवेळी पाहे. मले काय मालूम, का ते आपल्या शालूची हाय?"

फुरकाननं पान उचललं. या खेपेला त्यानं मोठ्यानं वाचलं नाही. ओठ हलत राहिले. शेवटच्या ओळीला आला, थांबला, पुन्हा वाचली.

मग तो स्टुलावरून उठला. हळूच, कुणी झोपलंय आणि आपल्या हालचालीनं जागं होईल अशा बेतानं. खांद्यावरच्या रुमालानं त्यानं स्टूल पुसलं आणि टेबलाला टेकून उभा राहिला.

चहावाला दोन कप ठेवून गेला.

"बस ना," देवानंद म्हणाला.

"नाही," फुरकान म्हणाला. "उभाच बरा हाय मी."

दोघांनी उभ्यानंच चहा प्यायला.