जातं फिरतंय तवर

पुंजारामानं पोरीच्या पाठीत रट्टा घातला तेव्हा पारावर आम्ही सगळे होतो, आणि हसला नाही असा एकही नव्हता.

वेरूळची लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली, एवढंच तो सांगत होता. त्याची दहा वर्षांची भागू म्हणाली, "बा, रात पुरली आसंल. पर कोरून काढलेला दगड त्यायनं टाकला कुठं?"

झालं! रझाकाराला न भ्यालेला गडी लेकीच्या तोंडाला भ्यायला लागला. हुशार पोर म्हणजे बांधावरची बाभळ. सावली वाटसराला, काटे धन्याला. रोज सवाल, रोज रट्टा. शेवटी सारजाबाईनं, भागूच्या मायनं, तोडगा काढला.

"जातं फिरतंय तवर पोरीनं इचारायचं. तुमी सांगायचं, नायतर 'ठाऊक नाय' म्हणायचं. जातं थांबलं की तिचं त्वांड बंद अन् तुमचा हात बंद."

दोघांनी कबूल केलं. पहाटे भिंतीपलीकडून मला जात्याची घरघर आणि पुंजारामाचं खाकरणं ऐकू यायचं. मार थांबला. पण 'ठाऊक नाय' काही त्याच्या तोंडून निघेना. मुंगीला वाट कोण दावतं? देव. हिवाळ्यात हिरीचं पाणी कोमट का? देव. देवाच्या नावावर त्यानं इतकी उधारी मांडली, की घृष्णेश्वरानं दार लावून घेतलं असतं.

मग भागू चौथी पास झाली. पाचवी वेरूळला, कोसभर लांब. पुंजारामानं शाळाच बंद केली. दुसऱ्या पहाटे जात्यावरून आवाज आला, "चुलत्याचा पोरगा सांडू माझ्याकून गणितं सोडवून घेतो, तरी त्यो शाळेत जातो. मंग माझी शाळा का बंद, बा?"

इथं देव चालेना. पुंजाराम नुसता खाकरत राहिला. सारजाबाईही खमकी, जातं थांबू नये म्हणून घास घालतच राहिली. दोन दिवसांचं पीठ पडलं, जाब काही पडला नाही.

ते पीठ सरलं त्या दिवशी पुंजाराम स्वतः डोक्यावर दळण घेऊन कडूबाच्या नव्या इंजिनाच्या गिरणीवर हजर. जन्मात ज्यानं सूप उचललं नाही, तो म्हणतो, "बायामाणसाचे हात दुखत्यात." माझं दळण त्याच्या मागंच होतं. आणि त्याच्या धोतराला धरून भागू.

पट्टा फटफटत होता. त्यावर आवाज चढवून पोरगी म्हणाली, "बा, हितंबी जातंच फिरतंय की! माझी शाळा का बंद?"

सगळी रांग वळली.

"सांग की रं," एक म्हातारी म्हणाली. "लेकरू इचारतंय."

पुंजारामानं माझ्याकडं पाहिलं. मी माझ्या ज्वारीतले खडे पाहू लागलो. मलाही लेकी आहेत.

"मला नाय ठाऊक," तो म्हणाला.

कडूबानं मान वर केली नाही. "मंग ठाऊक होईस्तवर जाऊ द्या तिला."

चारचौघांत निघालेला शब्द. सोमवारी भागू वेरूळला गेली.

आता त्या घरात भांडण नाही. पहाटे जातं फिरतं. एकदा 'ठाऊक नाय' तोंडून सुटल्यावर पुंजारामालाही गोडी लागलीय. तोच म्हणतो, "इचार की गं कायतरी."

भागू खाली मान घालून दळते. एक सवाल करत नाही. बोलता बोलता बापाला शाळा बंदचं कारण सापडलं, तर?