नदीकडे तोंड असलेला भोंगा

मी बोलतोय, मी भोंगा. तुम्ही म्हणाल, भोंगा बोलतो यात नवल ते काय? नवल आहे, बाबांनो. आजवर मी बोललो ते सगळं दुसऱ्याचं. माझ्या पाठीला तार, तारेच्या टोकाला माईक, आणि माईकपुढे कुणाचं तरी तोंड. आता तार तुटलीय, म्हणून स्वतःचं सांगतो. सावकाश सांगतो. शाळेची पायरी चढलेलो नाही, तेव्हा शब्द इकडचा तिकडे झाला तर सांभाळून घ्या.

बँकॉककडच्या एका पत्र्याच्या कारखान्यात मी जन्मलो. आम्ही चार भावंडं. ट्रकच्या हौद्यात आदळत आपटत इसान मुलखात, मेकाँग नदीच्या काठच्या एका गावात आलो. मुखिया खाम्फानच्या घरापुढे लोखंडी खांब रोवला होता. त्यावर आम्हा चौघांना चार दिशांना तोंडं करून बांधलं. एक भाऊ भातशेतांकडे, एक विहाराकडे, एक सडकेकडे. माझ्या वाट्याला नदी आली.

नदीच्या पलीकडे लाओस. देश दुसरा, पण बोली तीच, भात तोच चिकट, आणि निम्म्या गावाचे सोयरे तिकडचे. वारा पडलेला असला की माझा आवाज पाण्यावरून घसरत पार पलीकडे जायचा. तिकडचे कोळी होडीतून ओरडायचे, "ए मुखिया, तुझ्या लसीकरणाची सूचना आमच्या म्हशींना पण कळली रे!"

मुखिया भला माणूस होता, पण भित्रा. रोज सकाळी माईकवर फुंकायचा, खाकरायचा, मग विचारायचा, "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" माणसांची ही सवय मला कधी उमगली नाही. ज्याला ऐकू येत नाही तो 'नाही' म्हणून कसं सांगणार? मग तो एक लोकगीत लावायचा आणि सूचना द्यायचा. कुणाची म्हैस हरवली, खत कधी येणार, कुणाच्या घरी बारसं.

खांबाच्या खालीच लामदुआनचं दुकान होतं. कच्च्या पपईची कोशिंबीर विकायची. विधवा बाई, जीभ तिखट, आणि खलातला बत्ता दिवसभर ठक ठक चाललेला. तिला एकच मुलगा. शहरात शिकायला गेला आणि सभांमध्ये बोलायला लागला. आई म्हणायची, "बोल बाबा, काय बोलायचं ते बोल. पण एका वर्षावासापुरता, पावसाळ्याचे तीन महिने तरी भिक्खू हो. तुझ्या चीवराचं टोक धरल्याशिवाय तुझ्या आईला स्वर्गात कोण घेणार?"

आमच्याकडे असंच आहे. मुलगा भिक्खू होतो तेव्हा आई चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, दोन्ही हातांवर घेऊन मिरवणुकीत चालते आणि स्वतःच्या हातांनी त्याला देते. बाईला याहून मोठं पुण्य नाही. मुलगा हो म्हणाला. तिनं चीवर आणलं. मुखियानं सूचना दिली, "अमुक दिवशी लामदुआनच्या मुलाची दीक्षा आहे, सगळ्यांनी यावं." ते शब्द मी फार आनंदानं ओरडलो होतो.

त्या दिवसाच्या आधीच फौजेनं सरकार उलथवलं.

सकाळपासून माझ्या तोंडून नुसते लष्करी बँड. दुपारी मुखिया माईकवर बसला तेव्हा फुंकायचं विसरला. त्यानं नावं वाचली. या लोकांनी छावणीत हजर व्हावं, न आल्यास लष्करी न्यायालय. त्या नावांत लामदुआनच्या मुलाचं नाव होतं.

खालचा बत्ता थांबला.

तो हजर झाला नाही. एका कोळ्याच्या होडीतून पलीकडे गेला, आणि माझ्या तोंडासमोरच्याच काठावर कुठंतरी राहू लागला. परत आला तर तुरुंग. आई तिकडे गेली तर तिच्या मागोमाग कुणी जाईल आणि त्याचा ठावठिकाणा कळेल. पलीकडे पळालेली काही माणसं नाहीशी होऊ लागली होती. एकदा खालच्या अंगाच्या गावात नदीकाठी एक प्रेत लागलं. लामदुआन अनवाणी पळत गेली. संध्याकाळी आली, चूल पेटवली आणि मुखियाच्या बायकोला म्हणाली, "माझा नव्हता. पण कुणाचा तरी होताच की."

त्या दिवसापासून तिचं एकच मागणं. कायद्यानं वाट मोकळी करावी, मुलानं दिवसाढवळ्या घरी यावं आणि तिनं चीवर त्याच्या हातात द्यावं.

तिच्यावर नजर ठेवायला हवालदार विरुन यायचा. पोरगा वाईट नव्हता. शेजारच्याच जिल्ह्यातला, आमचीच बोली बोलणारा. आठवड्यातून एकदा मोटारसायकलवर यायचा, तिच्याच बाकड्यावर बसायचा, तिचीच कोशिंबीर खायचा.

"मिरच्या किती टाकू?"

"दोनच टाक, आई."

"दोन? एवढ्या तिखटावर राज्य चालवता होय रे तुम्ही?"

तो हसायचा. हसता हसता विचारायचा, "काही खबर, आई?" ती बत्ता आपटत म्हणायची, "आहे ना. पपई महागली."

मग एक वर्ष असं आलं की फौजेनं नवं संविधान लिहिलं आणि लोकांचा कौल मागितला. मतपत्रिकेवर दोन प्रश्न. पहिला सोपा, संविधान हवं की नको. दुसरा मात्र सापासारखा लांब. रोज सकाळी मुखियाला तो वाचावा लागे. देशाच्या सुधारणा अखंड राहाव्यात म्हणून, पहिल्या पाच वर्षांत, संसदेच्या संयुक्त बैठकीनं, पंतप्रधानपदासाठी योग्य व्यक्तीला संमती देण्याबाबत... शेवटाला पोचेपर्यंत त्याचा दम संपायचा.

"मुखियाबाबा," लामदुआन खालून ओरडली, "तुमचं वाक्य संपेपर्यंत माझा भात शिजून निवला. अर्थ काय त्याचा?"

मुखिया खिडकीत आला. रस्त्यावर सैनिक, लोकांची मर्जी मिळवायला, गावकऱ्यांचे फुकट केस कापत बसले होते. त्यांच्याकडे बघत तो हळूच म्हणाला, "अर्थ सांगायचा हुकूम नाही, बाई. वाचायचा आहे."

खरं होतं ते. विरोधात समजावून सांगणाऱ्यांना पकडून नेत होते. शेवटी तिनं विरुनलाच विचारलं, "तू सांग रे. 'हो' म्हटलं तर काय होईल?"

त्यानं चिकट भाताचा गोळा बोटांत वळला. "निवडणूक लवकर होईल, आई."

"निवडणूक झाली की खटले मागे घेतील?"

"निवडून येतील त्यांच्या हातात ते."

तेवढं तिला पुरलं. 'नको' म्हटलं तर फौज आणखी लांबवेल, 'हो' म्हटलं तर निवडणूक, निवडणूक झाली की मुलगा. असा हिशेब तिनंच नाही, गावात कित्येकांनी केला. तिनं दोन्ही ठिकाणी 'हो'वर फुली मारली आणि त्या दिवशी विरुनला कोशिंबीर फुकट दिली.

निवडणूक लवकर झाली नाही. झाली तेव्हा जे गणवेशात होते तेच कोट घालून खुर्चीवर बसले. लामदुआनचे केस पांढरे होत गेले. दर वर्षी पाऊसकाळाच्या आधी ती चीवर उन्हात घालायची, झटकायची आणि परत पेटीत ठेवायची.

पुढच्या निवडणुकीला मात्र वारं फिरलं. फौजेला नको असलेला पक्ष सगळ्यांच्या पुढे गेला. त्यानं इतर पक्षांशी हातमिळवणी केली, खालच्या सभागृहात बहुमत झालं. भाषणांसाठी परागंदा झालेल्यांना घरी आणू, असं त्यांचं वचन होतं. गावात डुक्कर कापलं. लामदुआननं खांबाला टेकून मुखियाला विचारलं, "विहारातल्या भंतेंना दीक्षेचा दिवस विचारून ठेवू का?"

"जरा थांब," मुखिया म्हणाला. "संसदेत पंतप्रधान ठरू दे."

त्या दिवशी मुखियानं रेडिओपुढे माईक ठेवला. संसदेतलं मतदान माझ्या तोंडून सगळ्या गावानं ऐकलं. एकेकाचं नाव पुकारत होते आणि तो जागेवरून उत्तर देत होता. "संमती आहे." गाव टाळ्या वाजवायचं. "संमती आहे." पुन्हा टाळ्या. मग वेगळीच नावं यायला लागली.

"तटस्थ."

"तटस्थ."

"संमती नाही."

"तटस्थ."

मला काय, शब्द आला की ओरडायचा. पण तो एकच शब्द इतक्या वेळा ओरडून माझा पत्रा कापायला लागला. टाळ्या थांबल्या. लोक बाकड्यावरून उठून खांबापाशी आले, जणू जवळ आलं की शब्द बदलेल.

"हे कोण?" लामदुआननं विचारलं. "यांना कुणी निवडून दिलं?"

"कुणीच नाही," मुखिया म्हणाला. "हे वरच्या सभागृहातले. फौजेनं नेमलेले."

"मग हे का मत देतायत?"

मुखियानं मान खाली घातली. "तो दुसरा प्रश्न होता ना, बाई. संयुक्त बैठक. ती म्हणजे हीच. आपल्या माणसांबरोबर यांनीही पंतप्रधान निवडायचा."

ती म्हणाली, "म्हणजे याला 'हो' मीच म्हटलं होतं?"

आमचा माणूस पंतप्रधान झाला नाही. पुढे दुसरं सरकार बसलं, पुन्हा तडजोडी झाल्या. मुलावरचा खटला होता तिथेच राहिला.

बाई रडेल असं मला वाटलं होतं. ती एक दिवस मुखियाच्या जिन्यावर येऊन बसली.

"मी थांबणार नाही आता," ती म्हणाली. "पलीकडच्या विहारात उद्या सकाळी त्याची दीक्षा ठरलीय. चीवर गेलं. माझ्या भावजयीनं टोपलीत केळीच्या पानांखाली नेलं."

"आणि तू?"

"मी कशी जाऊ? माझ्या पायांना पहारा आहे. माझ्या हातांनी देणं नशिबात नाही, तर नाही. पण मुखियाबाबा, सूचना द्यायला हवी. न सांगता केलेलं पुण्य म्हणजे झाकून ठेवलेला भात. एकट्यानं खायचा. गावानं ऐकलं, आनंद मानला, तरच सगळ्यांना वाटा मिळतो."

मुखियाचा चेहरा पडला. "वेडी झालीस? मी माईकवर त्याचं नाव घेऊ? माझी मुखियागिरी जाईल, ते सोड. त्याला तिकडे उचलतील."

"नाव नका घेऊ."

"विरुन उद्याच यायचाय."

"मग त्याच्याही कानावर पडेल," लामदुआन म्हणाली. "सगळ्यांच्याच पडू दे."

सकाळ झाली. वारा नव्हता. विरुन आला, बाकड्यावर बसला, दोन मिरच्या म्हणाला. लामदुआननं पपई किसायला घेतली. वर मुखिया माईकपुढे बसला होता. त्यानं फुंकलं. खाकरला. पण 'हॅलो' काही म्हणेना. त्याचा श्वास मला तारेतून ऐकू येत होता. माईक बंद झाला. पुन्हा सुरू झाला. मला वाटलं, गेला हा, आज बोलत नाही.

"गावकरी हो," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. "आज या घडीला आपल्या गावचा एक मुलगा भिक्खू होतोय. त्याच्या आईबापाचं पुण्य सगळ्यांना लाभो. आनंद माना."

बस्स. एवढंच. मी माझ्या सगळ्या ताकदीनिशी ते नदीवर फेकलं.

अंगणांतून, चुलींपासून, शेताच्या बांधांवरून आवाज उठला. "साधु! साधु! साधु!" आणि माझ्या खालीच, भाताचा गोळा हातात धरलेल्या विरुननं तो खाली ठेवला, हात जोडले, डोळे मिटले आणि म्हटलं, "साधु." लहानपणापासून अंगात मुरलेलं ते. पुण्याची सूचना आली की तोंडातून येणारच.

मग त्यानं डोळे उघडले. हात जोडलेलेच होते. त्यानं रिकाम्या विहाराकडे पाहिलं. तिथे ना मंडप, ना मिरवणूक. मग त्यानं लामदुआनकडे पाहिलं.

"कुणाचा मुलगा?" त्यानं वर खिडकीकडे बघत विचारलं.

मुखिया खिडकीत उभा होता. "गावाचा," तो म्हणाला.

तेवढ्यात पलीकडच्या काठावर विहाराचा नगारा वाजायला लागला. ना सण, ना पौर्णिमा. आम्ही सगळ्यांनी ऐकला. विरुननंही ऐकला.

लामदुआननं कोशिंबीर त्याच्यापुढे सरकवली. "वाटा घेतलास ना रे," ती हळूच म्हणाली. "आता खा."

त्यानं खाल्लं नाही. पैसे ठेवले, मोटारसायकल सुरू केली आणि गेला.

थोड्याच दिवसांत वरून हुकूम आला, नदीकडे तोंड असलेला भोंगा उतरवावा. विरुननं सांगितलं की आणखी कुणी, मला ठाऊक नाही. तो पुन्हा आमच्या गावात दिसला नाही. मुखियाची मुखियागिरी मात्र गेली. आमच्याकडची घरं लाकडी खांबांवर उभी असतात; आता मी त्याच्या घराखाली, त्या खांबांच्या मध्ये पडून आहे. माझ्या तोंडात कोंबडी अंडी घालते. मुखिया कधी कधी शेजारी येऊन बसतो. समोर बत्त्याचा आवाज चालू असतो. बाई चीवराचं टोक धरून स्वर्गात अजून गेलेली नाही, पण जिवंत आहे, आणि पोरगाही जिवंत आहे.

बाबांनो, एक विनंती. आमच्या गावाचा शोध घेऊ नका. घेतलात तरी मिळायचं नाही. बाईचं नाव लामदुआन नाही. मुखियाचं, हवालदाराचंही वेगळं आहे. आणि मुलाचं नाव तर मी अख्ख्या गोष्टीत घेतलंच नाही, ते तुमच्या ध्यानात आलं असेल. जन्मभर जे आलं ते ओरडलो. हे एक नाव तेवढं माझ्यापाशी राहू द्या.