माझ्या काट्याला हात कोणी लावला?

मित्रांनो, मी एक जुना पीक फ्लो मीटर आहे. नाव लांबलचक, काम मात्र एकच: फुंक मोजायची. वीतभर प्लास्टिकची नळी, अंगावर आकडे आणि त्यांच्यावर सरकणारा लाल काटा. खोल श्वास घेऊन दणकन फुंकलं की काटा पळतो आणि थांबेल तिथेच राहतो. छातीत किती दम आहे, ते मी तोंडावर सांगतो. आमच्या घरची शकुआजी मला फुंकणी म्हणते. म्हणू दे.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा औषधाच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्यांमागे पडलो होतो. तिथून आलो घाटकोपरला, असल्फ्याच्या चढावर, तेजलच्या घरी. तेव्हा ती सहा वर्षांची होती, आता अकरा.

सात महिन्यांची असताना तेजलला न्यूमोनिया झाला होता. साधासुधा नाही, नऊ दिवस ऑक्सिजनवर. पोर वाचली, पेढे वाटले, सगळे म्हणाले, गेलं संकट. पण मग दर थंडीत तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागली. डॉक्टर शर्मिष्ठा म्हणाल्या, "एवढ्या लहानपणी फुप्फुसांना मार बसला की ती पुढेही जरा मागे राहू शकतात. घाबरू नका, पण लक्ष ठेवा." ते लक्ष ठेवायला मला आणलं. पहिली दोन वर्षं माझा काय थाट! पाहुण्यांना दाखवायचे मला. मग एक हिवाळा बरा गेला आणि माझी रवानगी खणात, तुटक्या पट्टीशेजारी.

यंदा मला परत बाहेर काढलं, कारण तेजलला शाळेच्या खो-खो संघात जायचं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, "पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकायचं. सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहायचा. ती वही बघून चिठ्ठी देईन." चिठ्ठी नाही तर खो-खो नाही.

तिथेच माझा संशय जागा झाला. ज्याच्यावर कोणाचं तरी काही अडलेलं असतं, त्या काट्याला बोटं लागतात.

पहिल्याच सकाळी तेजलने फुंकलं. मी म्हणालो २४०. पोरीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि करंगळीने काटा ३०० वर ढकलला! "मम्मी, बघ, तीनशे!"

"वा गं माझी वाघीण!" शीतलमम्मी डबा भरता भरता म्हणाली. मीटर मात्र बघायला आली नाही.

बरं, ही चोर तर कळली. पण संध्याकाळी? पप्पा कामावरून आले की तेजल फुंकायची, त्यांच्या देखत काट्याला हात लावायची टाप नसल्याने मला तसाच टेबलावर पालथा ठेवायची आणि तोंड धुवायला पळायची. तेवढ्यात कोणाचं तरी बोट खालून यायचं आणि काटा सरळ १८० वर! माझं तोंड टेबलाकडे, मला दिसणार काय? एवढंच कळलं, की त्या बोटाला तेलाचा वास होता. मग पप्पा मला उचलायचे आणि १८० लिहायचे.

मी ताडलं, शकुआजी! तीच सारखी गुडघ्यांना तेल चोळत असते. "त्या श्वासाच्या औषधाच्या पंपाची सवय लागेल हो पोरीला" हा तिचा रोजचा पाढा, त्यामुळे आमच्या जातीवर तिचा राग. प्रितमपप्पांवर तर संशय घ्यायचाच नाही. साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणारा माणूस तो. केसाएवढा फरक पडला तरी स्वतःचाच माल बाजूला फेकतो.

पंधरा दिवसांनी सगळी वरात दवाखान्यात. डॉक्टरांनी वही उघडली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या.

"सकाळी तीनशे, संध्याकाळी एकशेऐंशी? रोज? अशा मुलांचा आकडा बहुतेक वेळा सकाळी कमी असतो, संध्याकाळी चढतो. इथे उलटंच!"

"मीटरच बिघडला असेल," मम्मी म्हणाली. "जुनाट झालाय. फेकून नवीन घेते."

माझी तर वाटच लागली, मित्रांनो!

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी तेजलला आधी स्वतःच्या मीटरमध्ये फुंकायला लावलं, मग माझ्यात. दोन्हीकडे २४०. "हा ठणठणीत आहे. मग घोळ कोणाचा? तीनशे खरं मानलं तर मी औषध कमी करीन आणि पोर धापा टाकेल. एकशेऐंशी खरं मानलं तर नको तेवढं औषध देईन."

तेजल रडकुंडीला आली. "सकाळचं मी केलं. पण संध्याकाळचं नाही हां, आईशप्पथ!"

सगळे आजीकडे बघायला लागले.

"माझ्याकडे काय बघता रे? मला चष्म्याशिवाय तो काटाही दिसत नाही!"

"मी केलं," पप्पा म्हणाले. बोटांना मशीनचं तेल, मान खाली. "ती पळायला लागली की मला सात महिन्यांचीच दिसते, डॉक्टर. बरगड्यांमध्ये खड्डे पडायचे हो. मी श्वास मोजत बसलेलो."

"पप्पा, तुम्ही चीटिंग केली?"

"तू नाही केलीस गं?"

"मी वर ढकलला ना! तुम्ही खाली!"

डॉक्टरांना हसू आवरेना. मग त्या गंभीर झाल्या. "दोनशेचाळीस तिच्या उंचीच्या मानाने कमी आहे. पण त्यासाठी तिला कोंडून ठेवायचं नाही. रोजचा पंप चुकवायचा नाही. त्याची सवय लागत नसते, आजी. खेळण्याआधी मी लिहून देते ते औषध. घरात डासांच्या कॉइलचा धूर नको. आणि तेजल, धाप लागली की थांबायचं. सांगशील?"

"सांगेन."

चिठ्ठी मिळाली. माझा विश्वास मात्र बसला नाही.

महिन्याभराने मुलुंडच्या मैदानावर मॅच होती. मी पप्पांच्या मांडीवर. तेजलने दोन जणींना बाद केलं, तिसरीच्या मागे लागली आणि मला तिचे खांदे वर-खाली होताना दिसले. पप्पा अर्धे उठले. मला वाटलं, आता ही लपवणार आणि हा मैदानात घुसणार.

तेजलने हात वर केला. "मॅडम, बदली द्या. दम लागलाय."

पप्पा खाली बसले. ती आली, पंप घेतला, थोडी थांबली आणि मला उचलून फुंकलं. "दोनशेदहा," तिने मोठ्याने वाचलं.

मी डोळे वटारून तिच्या बोटांकडे बघत होतो. बोटं हलली नाहीत. पप्पांची पण नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद खणात पडला असेल, तर त्याला बाहेर काढा, पुसा, रोज फुंका. आकडा कमी आला तर कमी लिहा. तुमच्या हौसेने तो वर ढकलू नका, मोठ्यांच्या भीतीने खाली ओढू देऊ नका. मला काय, मी प्लास्टिकचा. छाती तुमची आहे.