रुम्यानाचे कान आणि मी

मी एक जुना नगारा आहे. तुमच्या देवळातला नव्हे. ऑर्केस्ट्राच्या मागच्या रांगेत उभा असतो तो, तांब्याच्या पोटाचा आणि वासराच्या कातड्याचा. मित्रांनो, आपली जीवनकहाणी सांगायला बसलेल्या वस्तू बहुधा दुसऱ्यांची तक्रार करतात. मला मात्र माझ्याच अपराधाबद्दल बोलायचे आहे.

पेर्निक या गावच्या कोळसा खाणीतल्या कामगारांनी आपल्या ऑर्केस्ट्रासाठी मला घेतले. मेतोदी नावाचा कामगार दिवसभर खाणीत राबायचा आणि संध्याकाळी अंघोळ करून मला वाजवायचा. पुढे खाण बंद पडली, ऑर्केस्ट्राही मोडला. मेतोदीने मला घरी नेऊन तळघरात ठेवले. त्याच्या बायकोने माझ्यावर लाकडी फळी टाकून चटणी-लोणच्याच्या बरण्या मांडल्या. बारा वर्षे मी बरण्यांचे टेबल होतो. तेव्हा फार अपमान वाटायचा. आज वाटते, त्याच बारा वर्षांत माझ्यामुळे कुणाचे वाईट झाले नाही.

मला वर काढले ते मेतोदीच्या मुलीने, रुम्यानाने. ती शाळेत संगीत शिकवायची. तिचा जुना वर्गमित्र स्विलेन एक बँड काढत होता. हा स्विलेन म्हणजे एक वल्लीच. सिनेमाला जायचा तो आधीचे ट्रेलर ऐकायला. सिनेमा सुरू झाला की त्याला जांभया यायच्या. त्याला तसलेच संगीत करायचे होते. आधी एकच खोल सूर, मग व्हायोलिने, मग गिटारी, मग बायकांचा कोरस. सगळे चढत चढत जाते आणि ऐन टोकाला एकदम थांबते. दोन मात्रा कुणी श्वासही घेत नाही. मग नगाऱ्याचा एक घाव पडतो आणि त्यावर सगळे तुटून पडतात. त्या एका घावासाठी मला तळघरातून आणले होते. बँडचे नाव ठेवले ग्रोहोत, म्हणजे गडगडाट.

तालीम स्विलेनच्या आईच्या गॅरेजमध्ये चालायची.

"हे दार वाजवल्यासारखं झालं," स्विलेन म्हणायचा. "मला दार मोडायचंय."

"मोडते. मग तुझ्या आईला तूच सांग," असे म्हणून रुम्याना आणखी जोरात मारायची.

गॅरेजचे छत बुटके होते. माझा आवाज वर आपटून तिच्याच डोक्यावर पडायचा. बाकीचे कानात बोळे घालत. ती घालत नसे, कारण माझे कातडे दमट हवेत सैल पडते. दुसरे वाजवत असतानाच वाकून, कान जवळ आणून, बोटाने टिचकी मारून मला सुरात आणावे लागते. बोळे घातले तर ते कसे जमणार? पहिल्या वर्षी तिचा कान माझ्यापासून वीतभर दूर असे. दुसऱ्या वर्षी चार बोटे. तिसऱ्या वर्षी तिचा गाल मला टेकू लागला. मित्रांनो, मला ती माया वाटली. मी मूर्ख होतो.

एका रविवारी तालमीआधी मेतोदी गॅरेजमध्ये आला. खाणीतल्या सुरुंगांनी तोही अर्धा बहिरा झालेला.

"डॉक्टरीण काय म्हणाली?"

"ओरडू नका बाबा, समोरच आहे मी. डावा गेलाच म्हणाली. आता थांबले तर उजव्यात आहे तेवढं राहील. बिल्यानाचं बोलणं तरी ऐकू येईल."

बिल्याना तिची मुलगी, सहा वर्षांची, दिवसभर बडबडणारी.

"मग थांब की."

"हा एक कार्यक्रम होऊ द्या. ट्रेलर बनवणारे सोफियाहून ऐकायला येतायत. तीन वर्षं घासलीयत इथं."

"मीही असंच म्हणायचो. एवढी पाळी करतो, मग कान दाखवतो." त्याने स्वतःच्या कानाला हात लावला. "स्विलेनला सांगितलंस?"

"सांगितलं तर माझ्या जागी दुसऱ्याला उभं करेल. तुम्हीही सांगू नका."

त्या दिवशी माझे कातडे फाटले असते तर किती बरे झाले असते. पण मला कौतुकाची चटक लागली होती. मी ताठ राहिलो.

ग्रोहोतमध्ये काही लिहून घेण्याची पद्धत नव्हती. स्विलेन सांगेल ते लक्षात ठेवायचे. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तो पाठमोरा वाकून वायरी गुंडाळत होता. तसाच म्हणाला, "उद्या शांतता चार मात्रांची. दोन पुरत नाहीत." सगळ्यांनी मान हलवली. ते पाहून रुम्यानानेही हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावाच्या सभागृहात बसायला जागा नव्हती. सूर चढत गेला, कोरस चढला आणि सगळे थांबले. एक मात्रा. दोन. रुम्यानाने सगळा जीव एकवटून घाव घातला. तिच्या पाठोपाठ कुणीच वाजवले नाही. स्विलेनचे हात वर तसेच राहिले. कोरसमधल्या बायका वळून तिच्याकडे बघू लागल्या. आणखी दोन मात्रांनी बाकी सगळे तुटून पडले तेव्हा ती काठ्या हातात धरून नुसती उभी होती.

लोकांना ते मुद्दाम केलेले वाटले. सोफियाहून आलेले पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवत होते. रुम्याना त्यांचे हलणारे हात बघत होती. टाळ्या तिला ऐकू येत नव्हत्या. जे उरले होते ते त्या घावाने नेले.

पडदा पडल्यावर स्विलेन तावातावाने आला. "चार म्हटलं होतं ना?"

"काय?"

"चार मात्रा!"

"काय?"

तो थबकला. मग तिथेच रंगमंचाच्या फळ्यांवर खाली बसला. "मला का नाही सांगितलंस गं," तो म्हणाला. ते फक्त मी ऐकले.

ग्रोहोतला काम मिळाले. माझे घाव त्यांनी आधीच रेकॉर्ड करून घेतले होते, त्यामुळे आता त्यांना ना माझी गरज आहे, ना तिची. तिची शाळेतली नोकरीही गेली. मी तिच्या घरात खिडकीपाशी उभा आहे. सुरुवातीला बिल्याना हाका मारून मारून रडायची. एकदा चिडून तिने मला दोन्ही हातांनी बडवले. लाकडी जमिनीतून तो हादरा स्वयंपाकघरात रुम्यानाच्या पायांना कळला आणि ती धावत आली. तेव्हापासून ती मुलगी माझ्यावर थाप मारूनच आईला बोलावते.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला जपा, असे मी म्हणणार नाही. माझे कातडे फाटले तर बाजारात दुसरे मिळते. कानात शिट्टी वाजू लागली, समोरच्याला पुन्हा पुन्हा 'काय?' विचारावे लागले, तर लपवू नका. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

काल बिल्यानाने थाप मारली. आई हात पुसत आली.

"काही नाही," बिल्याना म्हणाली. "नुसतं आई म्हणायचं होतं."

रुम्यानाने तिच्या ओठांकडे नीट पाहिले. "भूक लागली?"

बिल्यानाने हो म्हटले आणि भूक नसताना पाव-चीज सगळे संपवले.